तुरुंगाची यादी वेगळी, कोर्टाचं दप्तर वेगळं

अमेरिकेत एखाद्यावर गुन्ह्याची नोंद आहे का ते तपासण्याबद्दल एकांनी विचारलंय, "शेरीफच्या साइटवर नाव सापडलं नाही, म्हणजे माणूस स्वच्छ ना?" तसं नाही हो. शेरीफ म्हणजे काउंटीचा (तिथल्या जिल्ह्याचा) पोलीसप्रमुख. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचंच सांगतो. ते ज्यात येतं त्या हॅरिस काउंटीच्या शेरीफच्या साइटवर शोधलं की सध्या कोठडीत कोण आहे ते कळतं. खटल्याचं पुढे काय झालं हे बघायचं तर डिस्ट्रिक्ट क्लार्कचं, म्हणजे कोर्टाच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं दप्तर. तिथे नावाबरोबर जन्मतारीखही जुळवा, नाहीतर एका गार्सियाचं पाप दुसऱ्याच गार्सियाच्या माथी माराल. 'डिसमिस्ड' (खटला रद्द) दिसलं तर त्या आरोपात तो दोषी ठरलेला नाही. शिक्षा होऊन सध्या राज्याच्या तुरुंगात असलेल्यांचा शोध तिसरीकडेच, टेक्सासच्या तुरुंग खात्याच्या साइटवर. आणि 'फुकट' म्हणत शेवटच्या पानावर कार्ड नंबर मागणाऱ्या खासगी साइटी? मी तरी त्या वाटेला जात नाही.