वेगाआधी स्वराचे ठिकाण
गिटारवर पेंटॅटॉनिक स्केल (पाच स्वरांची मालिका) वेगात वाजवता येऊनही इम्प्रोव्हायझेशन (उत्स्फूर्त वादन) निव्वळ सरावासारखेच ऐकू येते, या आपण मांडलेल्या अडचणीवर इतरांनी सुचवलेला मेट्रोनोमचा (ठोके देणाऱ्या लययंत्राचा) वेग वाढवण्याचा उपाय मला पुरेसा वाटत नाही. ए मायनर, एफ आणि जी या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) संथ लयीत रेकॉर्ड करून प्रत्येक कॉर्ड बदलताना तिच्या मूळ स्वरापासून मोजलेल्या तिसऱ्या स्वरावर, म्हणजे अनुक्रमे सी, ए आणि बी यांवर, सुरावट टेकवून पाहावी. यांपैकी बी हा स्वर ए मायनर पेंटॅटॉनिकमध्ये नाही. तो तिसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरील घरात), पाचव्या फ्रेटवरील सीला अगदी लागून सापडतो, आणि जी कॉर्ड येताच तिथे उतरल्यावर सुरावट खरोखर बोलू लागते. वाजवण्यापूर्वी ती गुणगुणणे मी अत्यावश्यक मानतो, कारण बोटे सवयीच्या वाटेनेच धावतात.