‘वर्ल्ड वॉर झी’मध्ये नायकच नाही, तरी ती खाली का ठेववत नाही?

प्रश्न :
भयकथांशी माझे फारसे सख्य नाही, तरीही मॅक्स ब्रूक्स यांची ही २००६ सालची कादंबरी मी दोन रात्रींत संपवली. झॉम्बींविरुद्धचे जागतिक युद्ध संपून काही वर्षे लोटली आहेत आणि एक माणूस देशोदेशी जाऊन जे वाचले त्यांच्या मुलाखती घेत आहे, एवढाच तिचा सांगाडा. माणूसजात तगली हे सुरुवातीलाच कळते. मग उत्कंठा कशाच्या बळावर टिकते?

उत्तर १ :
‘पुढे काय होणार’ याची जागा येथे ‘हा माणूस त्यातून कसा निभावला’ या प्रश्नाने घेतली आहे, आणि तो प्रत्येक मुलाखतीत नव्याने उभा राहतो. निवेदकाने संयुक्त राष्ट्रांसाठी लिहिलेल्या अहवालातून जवळजवळ अर्धा मजकूर भावनिक म्हणून गाळला जातो. आपण वाचतो ते हे गाळलेलेच. अलंगचे प्रकरण पुन्हा वाचून पाहावे. भावनगर जिल्ह्यातल्या त्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी आणलेली जहाजे हीच सुटकेची शेवटची वाट ठरतात आणि लोक त्यांच्या दिशेने पोहत सुटतात. झॉम्बी मात्र बुडून मरत नाहीत, तळावरून चालत राहतात. हे एकदा डोक्यात बसले की साधे पाणीही निर्धास्तपणे पाहवत नाही.

उत्तर २ :
मी थोडा असहमत आहे. चिनी डॉक्टर असो वा अमेरिकी सैनिक, बहुतेकांची बोलण्याची ढब एकच वाटते, आणि हा दोष लहान नाही. मला धरून ठेवले ते व्यवस्थांच्या पडझडीने. याँकर्सच्या लढाईत लष्कर छायाचित्रकारांसमोर आपला सगळा बडेजाव मांडते. पण मेंदू नष्ट झाल्याशिवाय जो थांबत नाही आणि ज्याला भीतीच ठाऊक नाही, त्याच्यापुढे धाक बसवण्यासाठी घडवलेली शस्त्रे काय कामाची? ‘फॅलँक्स’ ही निरुपयोगी लस विकून गब्बर झालेला उद्योजक तर अंटार्क्टिकात सुखरूप बसून आपलेच समर्थन करतो. २०२० नंतर ते प्रकरण मला कल्पित म्हणून वाचता आले नाही.

प्रश्नकर्ता :
ढबीबद्दलचा आक्षेप मान्य आहे. तरीही २०१३ च्या चित्रपटाने मुलाखती काढून टाकून एकच धावता नायक आणला (आणि झॉम्बीही धावते केले!), तेव्हा मला तो इतर दहा चित्रपटांसारखाच वाटला. आता अलंगचे प्रकरण पुन्हा काढतो, पण या खेपेस दिवसाउजेडी.