आईच्या तीव्र दम्यासाठी क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी व्हावे का? अनुभवी व जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार.

माझी आई 62 वर्षांची असून आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो. तिला तीव्र स्वरूपाचा दमा आहे. स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका मोकळी करणारे औषध) एकत्र असलेला पंप ती स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून न चुकता घेते आणि तिची पंप ओढण्याची पद्धत छातीच्या डॉक्टरांनी समोर बसवून तपासलेली आहे. तरीही थंडी पडू लागली किंवा दिवाळीत फटाक्यांचा धूर साचला की दमा उसळतो आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. या गोळ्यांमुळे तिची साखर वाढली आहे, हाडे ठिसूळ होऊ लागली आहेत. त्यामुळे गोळ्या टाळणे ही आता आमची पहिली गरज आहे.

रक्ततपासणीत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे प्रमाण बरेच जास्त आले. अशा रुग्णांसाठी मेपोलिझुमॅब आणि बेनरालिझुमॅब ही इंजेक्शने उपलब्ध असून त्यांना अमेरिकेत अनुक्रमे 2015 आणि 2017 मध्ये मान्यता मिळाली. पहिले या पेशी वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-5 या रेणूलाच अडवते, तर दुसरे इओसिनोफिलला जाऊन चिकटते आणि ती पेशीच नष्ट करवते. मात्र ही इंजेक्शने दीर्घकाळ घेत राहावी लागतात आणि तो खर्च आम्हाला झेपणारा नाही. म्हणून डॉक्टरांनी, याच प्रकारच्या एका नव्या औषधाची चाचणी शहरातील एका रुग्णालयात सुरू आहे, तिचा विचार करा, असे सुचवले.

संमतिपत्र मराठीत आहे. आईने ते पेन्सिलीने खुणा करत सावकाश वाचले आणि प्लासिबोच्या (काही रुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधविरहित इंजेक्शनच्या) परिच्छेदापाशी थांबून विचारले, "म्हणजे मला नुसतेच पाणी टोचतील की काय?" चाचणीच्या समन्वयकांनी सांगितले की दोन्ही गटांत नेहमीचा पंप चालूच राहतो आणि दमा उसळल्यास उपचारही सारखेच होतात, फक्त कोणाला काय मिळते आहे हे डॉक्टरांनाही माहीत नसते. हे मला पटले. नियमित तपासणीमुळे अशा चाचण्यांत प्लासिबो गटातील रुग्णांचा त्रासही पुष्कळदा कमी होतो, असे वाचनात आले आहे.

माझी खरी काळजी चाचणी संपल्यानंतरची आहे. औषध लागू पडले, गोळ्या सुटल्या आणि मग इंजेक्शन बंद झाले, तर पुढे काय? 2019 च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार, चाचणीनंतरही औषध मोफत देण्याची तरतूद आहे. परंतु त्यासाठी संशोधक डॉक्टरांची शिफारस व नैतिकता समितीची (चाचणीला मंजुरी देऊन रुग्णांचे हित पाहणाऱ्या समितीची) मान्यता लागते, आणि त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसावा अशीही अट आहे. आता मेपोलिझुमॅब बाजारात आहे, पण आम्हाला परवडत नाही. अशा स्थितीत ते "उपलब्ध" धरले जाते का? या एका शब्दाच्या अर्थावर आमचा निर्णय अवलंबून आहे आणि रुग्णालयातून मला अद्याप स्पष्ट उत्तर मिळालेले नाही.

चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद नियमांत आहे, हे मला माहीत आहे. सीटीआरआय या क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत या चाचणीची नोंद असल्याचीही खात्री मी करून घेतली आहे.

दम्याच्या किंवा अन्य आजाराच्या चाचणीत घरातील कोणी सहभागी झाले असल्यास, ती संपल्यानंतर औषध मिळत राहिले का, आणि तसे लेखी आश्वासन आधी मागितले होते का, हे कृपया कळवावे. नैतिकता समितीकडे रुग्णाच्या नातेवाइकाने थेट अर्ज करता येतो का, हेही कोणी सांगितल्यास फार उपकार होतील. मृगाला हैदराबादला जाऊन दम्यावरचे औषध घातलेला जिवंत मासा गिळण्याचा सल्ला आम्हाला आपुलकीपोटी अनेकांनी दिला आहे; त्यांच्या भावनेचा आदर आहे, पण पंप बंद करायला लावणारे उपाय येथे सुचवू नयेत, ही नम्र विनंती. आईला पुढच्या आठवड्यात संमतिपत्रावर सही करायची की नाही ते रुग्णालयाला कळवायचे आहे.