मदत हवी आहे: ‘डेडलॉक’ची मराठी सबटायटल्स पुढे पळतात

‘डेडलॉक’ म्हणजे रोलांड क्लिकचा 1970 चा जर्मन वेस्टर्न चित्रपट. नेगेव वाळवंटात चित्रित झालेला, संगीत ‘कॅन’ या जर्मन बँडचं. संवाद मोजकेच, त्यामुळे ओळ चुकीच्या क्षणी आली की लगेच खटकते.

सबटायटल्सची एसआरटी फाइल (ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली मजकूर-फाइल) सेकंदाला 25 फ्रेमच्या प्रतीवर बेतलेली, हातातली प्रत 24 फ्रेमची. पहिली ओळ जुळवली तरी तासाभराने मजकूर अडीच मिनिटं आधीच येतो. नुसतं पुढे-मागे सरकवून भागत नाही. सगळ्या वेळा 25/24 ने, म्हणजे 1.04167 ने गुणल्या. आता पहिला अर्धा भाग चोख बसतो. मग एका ठिकाणी एकदम 9 सेकंदांची उडी, आणि तिथून शेवटपर्यंत फरक तेवढाच. वाढत नाही, म्हणजे वेगाचा दोष नसावा. एखादा शॉट एका प्रतीत कापलेला असणार. तेवढाच भाग सरकवायचा, की आणखी कुठे जोड (कापून जोडलेली जागा) आहे हे आधी शोधायचं? आवाजाच्या आलेखावरून जोड पटकन सापडतो का?

दुसरं, फाइल यूटीएफ-8 (देवनागरी चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये) असूनही टीव्हीवर ‘किड’ या पात्राच्या नावातली ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या नंतर पडते. संगणकावर ठीक दिसतं. अक्षरं चित्रातच छापून टाकण्यावाचून उपाय आहे का?

आणि भाषेचं: पैशांची बॅग घेऊन आलेल्या जखमी किडला डंप (ओसाड खाणीपाशी राहणारा माणूस) अरे-तुरे करेल, हे पटतं. पण किडचा गुन्हेगार साथीदार सनशाइन आल्यावर त्याच्याशी बोलताना डंपच्या तोंडी ‘तुम्ही’ घालावं का? भीतीपोटीचा आदर तिथे शोभेल असं वाटतं, मात्र हाव सुटल्यावर पुन्हा ‘तू’वर कुठल्या प्रसंगात यावं?