आगाऊ पैसे भरून थेट शेतातून भाजी: तुमचे अनुभव लिहा

ओलीहळद
काल आमच्या फार्मची मेल आली, यंदाचे शेअर सुरू झाले म्हणून. बाहेर गुडघाभर बर्फ आणि हे लोक जूनच्या पालेभाजीचे पैसे मागतायत. वाचता वाचता एकदम २००९ आठवलं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर) म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधीच शेतकऱ्याला पूर्ण पैसे द्यायचे, आणि मग जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला आपला हिस्सा आणायचा. पीक जोरात आलं तर पिशव्या पुरत नाहीत, बुडालं तर आपलंही बुडालं. अमेरिकेत हे १९८६ साली सुरू झालं, आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या इंडियन लाइन फार्मवर आणि न्यू हॅम्पशायरच्या टेम्पल-विल्टनला. (नावात इंडियन आहे म्हणून खूश होऊ नका, आपला काही संबंध नाही.)

तर २००९. आमचं पहिलंच वर्ष. मी पैसे भरले ते फक्त टोमॅटोसाठी. दुकानातला टोमॅटो चिरला की आत पांढरा आणि चव पाण्याची. त्या वर्षी जूनभर पाऊस, आणि अमेरिकेच्या सगळ्या ईशान्य भागात टोमॅटोवर करपा आला. ज्याने आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात तिथले बटाटे खाल्ले तोच हा. पानांवर तेलकट काळे डाग, मग देठ काळे, आणि आठवड्याभरात वाफाच्या वाफा आडवा. आमच्या शेतकऱ्याने झाडं उपटून काळ्या पिशव्यांत भरून टाकली. पुढच्या वेळी गेलो तर टोमॅटोच्या टेबलावर केल नावाच्या जाड पालेभाजीचा डोंगर. ऑक्टोबरपर्यंत केल. नवरा अजून म्हणतो, "सहाशे डॉलरची केल खाल्ली आपण."

पैसे परत नाहीत, तोच तर करार. आणि तरी दुसऱ्या वर्षी पुन्हा भरले. का, ते नीट सांगता येत नाही. तुम्ही लिहा.

गवतीचहा
नवलकोल!!! दर आठवड्याला नवलकोल! माझ्याकडे फ्रीजमध्ये आत्ता सुद्धा एक आहे, कुठल्या वर्षीचा देव जाणे.

पाटावरवंटा
@गवतीचहा साल जाड काढ, खाली चिवट दोरे असतात ते सगळे जायला हवेत. मग किसून दही, मीठ, चिमूटभर साखर आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी. पानं टाकू नकोस, हरभरा डाळ घालून परतून भाजी होते.

जूनमध्ये लसणाचे ते वळलेले हिरवे दांडे देतात ना, खाली गड्डा पोसावा म्हणून खुडतात ते. बाकी मेंबर एकमेकांना विचारतात याचं करायचं काय. मी तव्यावर तेलात मिरच्यांबरोबर परतून शेंगदाणे घालून ठेचा करते. शेजारची अमेरिकन बाई आता जून लागला की बाटली घेऊन दारात उभी.

वैतागवाडीकर
पुण्यात पण करून पाहिलं हे. व्हॉट्सॅप ग्रुप, तीन महिन्यांचे पैसे आधी. पहिला महिना फोटो काय, शेणखत काय, देशी बियाणं काय. पावसाळ्यात दुधी, दुधी, दोडका, दुधी. मग "गाडी बंद आहे", मग ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंग. उरलेले पैसे गेलेच. आता मंडईत जातो, चार शिव्या देतो, चार खातो, पण भाजी हातात घेऊन बघतो.

ओलीहळद
@वैतागवाडीकर अरेरे. पण दुधी तर गुणाचा असतो हो दादा 😀

वैतागवाडीकर
सलग सहा आठवडे खाऊन दाखवा, मग गुण गा.

शिवारातून
मी दुसऱ्या बाजूचा. नाशिक जिल्हा, अडीच एकर भाजीपाला. शहरातली काही कुटुंबं वर्षभराच्या भाजीसाठी माझ्याशी बांधलेली आहेत.

लोकांना वाटतं आम्हाला भाव जास्त मिळतो म्हणून आम्ही हे करतो. तसं नाही. लागवडीच्या वेळी रोपं, खत, मजुरी सगळं रोख लागतं आणि तेव्हाच हातात काही नसतं. मग व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि माल त्याच्याच गाळ्यावर टाकायचा, तो सांगेल त्या भावाने. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बाहेर विकायची मोकळीक झाली, पण उचल घेतली असेल तर मोकळीक कागदावरच. आगाऊ पैसे आले की तो दोर सुटतो.

२०२३ आठवा. मे महिन्यात टोमॅटो रस्त्यावर ओतले लोकांनी, तोडणीची मजुरी निघत नव्हती. जुलैत तोच शंभराच्या वर. आमच्या घरांना दोन्ही वेळेला ठरलेल्याच भावात गेला. मे महिन्यात त्यांनी मला सांभाळलं, जुलैत मी त्यांना. जुलैत एक व्यापारी बांधावर येऊन उभा होता, घरचा म्हातारा म्हणाला देऊन टाक. नाही दिला. रात्री झोप लागली नाही ते वेगळं.

त्रास पण आहे. कोथिंबिरीच्या पानाला भोक दिसलं की फोटो येतो. फवारलं नाही तर अळी खाणारच की.

@वैतागवाडीकर साहेब, पैसे बुडवणारे आमच्यातही आहेत. आधी एकदा शेत बघून या, मग पैसे द्या.

मोगरी
लेकीला क्लासला सोडून गाडीत बसून लिहितेय, चुका समजून घ्या.

आमच्या फार्मवर मेंबरनी अधूनमधून काम करायचं असतं, त्या बदल्यात शेअर थोडा स्वस्त. मला गाजराच्या वाफ्यात तण काढायला बसवलं. खाली वाकले तर काय, चाकवत! पान उलटं करून बघितलं, मागे तो पांढरा पिठासारखा लेप. शेजारी घोळ पसरलेली, पलीकडे माठाचा भाऊबंद. लोक ते उपटून कंपोस्टच्या ढिगावर टाकतायत. मी कोल्हापूरला आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "अगं फेकताय काय, डोक्यावर पदर घे आणि सगळं उचल."

शेतकरीण आधी हसली. मग मी डबा नेऊन दिला, ताकातली भाजी. आता ती माझ्यासाठी तणाची वेगळी पाटी भरून ठेवते. पिकअपच्या टेबलाशी एक बादली असते, लोक बिटाचा, मुळ्याचा, सलगमचा पाला मोडून तिच्यात टाकून जातात. ती बादली पण मीच घरी नेते. नवऱ्याला लाज वाटते, तो गाडीतून उतरत नाही.

पाटावरवंटा
मुळ्याचा पाला टाकतात??? पाप लागेल त्यांना.

ऱ्हाईनकाठी
जर्मनीत याला सोलावी म्हणतात. इथली गंमत वेगळी आहे. वर्षाच्या सुरुवातीला सगळे मेंबर जमतात, शेतकरी वर्षाचा पूर्ण खर्च मांडतो, बियाण्यापासून ट्रॅक्टरच्या दुरुस्तीपर्यंत. मग प्रत्येकाने महिन्याला किती देणार ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव न लिहिता. बेरीज खर्चाला पोचली तर ठीक, नाही तर पुन्हा चिठ्ठ्या. ज्याला परवडतं तो जास्त लिहितो, विद्यार्थी कमी लिहितात, आणि कोणी कोणाला विचारत नाही. पहिल्यांदा बसलो तेव्हा वाटलं, आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्सची मीटिंग अशी घेऊन बघावी.

वैतागवाडीकर
आमच्या सोसायटीत सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या निघतील.

शिवारातून
@ऱ्हाईनकाठी खर्च मांडायचं आवडलं. आमच्या घरांपुढे एकदा मांडून बघतो. माझी स्वतःची मजुरी कधी धरलीच नव्हती त्यात.

निशिकासाईची_काकू
तोक्योहून. जपानात हे फार जुनं आहे, ७०च्या दशकात रासायनिक खतं-औषधांना घाबरलेल्या आयांनी शेतकऱ्यांशी थेट बोलणी करून सुरू केलं, तेइकेइ म्हणतात. मला आठवड्याला पेटी घरपोच येते. सोबत शेतकऱ्याची हाताने लिहिलेली चिठ्ठी असते, ती मला वाचता येत नाही, मुलगा वाचून दाखवतो. बहुतेक वेळा पावसाबद्दल तक्रार.

आमच्या एदोगावा वॉर्डाची स्वतःची पालेभाजी आहे, कोमात्सुना. पालक आणि मोहरीच्या पाल्याच्या मधली चव. मी मुगाची डाळ घालून करते. इथे निशिकासाईत आपली माणसं पुष्कळ, पण अर्धे अजून पालकासाठी दुकानं पालथी घालतात.

चंपाकळी७
काकू तुम्ही निशिकासाईत कुठे? माझा दीर एप्रिलमध्ये येतोय तिकडे, घर शोधतोय. स्टेशनजवळ मिळेल का?

निशिकासाईची_काकू
व्यक्तिगत निरोप कर गं.

हिरवाडोंगर
व्हर्माँट, अमेरिका. २०२३च्या जुलैत नदी शेतात शिरली. पाणी ओसरल्यावर कोबी वरून अगदी ठणठणीत दिसत होता, पण पुराचं पाणी लागलेली भाजी विकता येत नाही, त्यात सांडपाणी, डिझेल काय काय असतं. सगळं नांगरून टाकलं. आम्ही मेंबर प्लास्टिक आणि फळ्या वेचायला गेलो होतो. एकानेही पैसे परत मागितल्याचं ऐकलं नाही. ओलीहळद, तुझं "का ते सांगता येत नाही" मला कळलं.

गवतीचहा
नवलकोल किसला. आतून पोकळ निघाला 😭

पाटावरवंटा
टाक मग. पुढच्या वेळी पहिल्या आठवड्यातच खा.

चंपाकळी७
@मोगरी ताकातल्या चाकवताची कृती दे ना. माझं ताक नेहमी फुटतं.

मोगरी
चाकवत शिजवून घोट. ताकाला डाळीचं पीठ आधीच नीट लावून घे, गुठळी नको. मग बारीक गॅसवर सारखं ढवळत राहा, फोन बघू नकोस. मीठ शेवटी. भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे चाकवताबरोबरच शिजवायचे. वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, लसूण भरपूर. क्लास सुटला, येते.