देताना जिवावर येतो असा खर्च कोणता? बेळगाव सीमाभागातले अनुभव

महाग गोष्टींबद्दल विचारत नाही. मुलीचं कॉलेज महाग आहे, औषधपाणी महाग आहे, घराचा हप्ता आहेच. ते सगळं आपण समजून-उमजून भरतो. मला हवे आहेत ते दुसरे खर्च. रक्कम दहा-वीस रुपये असो नाहीतर हजार, खिशात हात घालतानाच मनात येतं, हे मी नक्की कशाचे देतोय? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी, जिथे असाल तिथलं लिहा. पावती मिळाली की नाही तेही सांगा. माझ्या मते निम्मं दुखणं तिथेच आहे.

सुरुवात मी करतो. आई खानापूर तालुक्यात गावी असते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन. ती कुणाला लावत नाही, आम्ही लावला की घेते. पूर्वी असा फोन जवळजवळ फुकट चालायचा. 2018 च्या अखेरीपासून रिचार्ज नसेल तर येणारे फोनही बंद व्हायला लागले. त्यात कंपनीचा महिना 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022 मध्ये निदान एक तरी प्लॅन 30 दिवसांचा ठेवायला लावला, डिसेंबर 2024 मध्ये डेटा नसलेले, फक्त कॉलचे प्लॅनही द्यायला सांगितले. पण गावातल्या दुकानात आई उभी राहिली की तिच्यापुढे डेटावालाच प्लॅन येतो. एकदा मुदत संपली होती, रात्री फोन लागेना, शेवटी शेजारच्या काकूंना उठवावं लागलं. आता मी बेळगावातूनच वेळेआधी भरतो. आईशी बोलायला माझ्या फोनचे पैसे मी भरलेलेच असतात, मग तिनं नुसतं ऐकायचे वेगळे का?

टिळकवाडी, गृहिणी

गॅस सिलिंडर. घरपोच पोचवण्याचा खर्च सिलिंडरच्या किमतीतच धरलेला असतो. स्वतः गोडाऊनवर जाऊन आणला तर तेवढी सूट मिळायला हवी, असाही नियम आहे. तरी दारात सिलिंडर ठेवला की वरचे तीस, कधी पन्नास. पावतीवर एक आकडा आणि हातात द्यायचा दुसरा. आणणाऱ्या माणसावर माझा राग नाही. तो दोन जिने चढून येतो, खांद्यावर वण पडलेत त्याच्या, मी पाणी विचारल्याशिवाय त्याला जाऊ देत नाही. पण त्याची मजुरी आमच्याकडून आधीच घेतलेली असताना त्याला दारोदार हात का पसरायला लावायचा? हे त्याच्याही मानाचं नाही.

अथणी भाग, ऊस उत्पादक

आमच्याकडं दोन शब्द सगळ्यांना पाठ आहेत: एंट्री आणि खुशाली. शहरातल्या लोकांना माहीत नसतील म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केंद्रानं 2025-26 च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा उसाचा किमान दर, ठरवली क्विंटलला 355 रुपये, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला. म्हणजे टनाला 3550. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती वजा होणं आम्हाला मान्य आहे, तोडणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे. प्रश्न पुढं आहे. ऊसतोडणीची टोळी फडात उतरायची तर मुकादमाला खुशाली, एकरामागं ठरवून. ट्रॅक्टर भरून बांधाबाहेर निघाला की ड्रायव्हरला प्रत्येक खेपेला एंट्री. वर एक जेवण. नाही म्हणालात तर टोळी दुसऱ्याच्या फडात जाते. तुमचा ऊस उभा राहतो, तुरा येतो, वजन घटतं. फेब्रुवारीनंतर तर पाला वाळून फड नुसता करकर वाजतो, आणि टनामागं किती गेलं ते काट्यावर गेल्यावरच कळतं. ह्या भीतीपोटी माणूस देतो.

गेल्या हंगामात ड्रायव्हर माझ्या बांधावर इंजिन चालू ठेवून बसला. हाताची दोन बोटं वर केली, तोंडानं काही बोलला नाही. मागं चिखलात ट्रॉली रुतायला लागली होती. दिले. घरी आल्यावर बायको वहीत हिशेब लिहिते, खत, पाणी, लागण, भांगलण, सगळ्याला रकाना आहे. ह्याला कुठला रकाना काढायचा, तिनं विचारलं. 'इतर' म्हणून लिहा म्हटलं.

नोव्हेंबर 2025 मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसला शेतकरी रस्त्यावर बसले, तोडणी-वाहतूक सोडून टनाला 3500 मागत होते, 3300 वर मिटलं. टनामागं शंभर-दोनशेसाठी एवढं आंदोलन करायला लागतं, आणि त्यातलेच बिनपावतीचे जातात. कारखाना सांगतो तक्रार द्या. ज्याच्या नावानं तक्रार द्यायची, त्याचीच टोळी पुढच्या वर्षी माझ्या फडात यायची आहे.

निपाणी, कारखान्यात नोकरी

दुचाकीचा रोडटॅक्स. मी कागलच्या एमआयडीसीत होतो तेव्हा गाडी कोल्हापुरात घेतली, एमएच-09. आजीवन कर तिथं भरला. मग निपाणीत घरी राहायला आलो. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा हा कायदाच आहे. म्हणजे तिकडून ना हरकत दाखला, इकडं परत कर, मग केए-23. तिकडं भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठीच्या हेलपाट्यात रजा जातात. कागल ते निपाणी तेच रस्ते, मधे घाटही नाही. दोन्ही सरकारांनी ही रक्कम आपसात वळती करावी, एवढंच माझं मागणं आहे. उलटं बघा, पेट्रोल इकडं स्वस्त म्हणून कागलची माणसं हद्द ओलांडून इकडच्या पंपावर येतात, त्यांना कोणी दाखला मागत नाही.

उचगाव, सासर इथलं, माहेर चंदगड तालुक्यात

वरच्या दादांचं वाचून लिहावंसं वाटलं. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत आम्हा बायकांना साध्या बसला तिकीट नाही. महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एसटीला अर्धं तिकीट. दोन्हीकडं सोय झाली म्हणून मी फार खूश होते. माहेरी जाताना मात्र कुठल्या बसमध्ये बसायचं त्याचा हिशेब करावा लागतो. एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडे पूर्ण दर. आईला बघायला जाताना गाडी आली की बसायचं, एवढं साधं असावं. लहान मूल कडेवर घेऊन मी चार-दोन रुपयांसाठी एक गाडी सोडून दुसरीची वाट बघितलेली आहे. योजना चांगल्या आहेत, त्या बंद करा असं कोणी माझ्या बोलण्यातून काढू नका.

चिक्कोडी, निवृत्त

एटीएम. मोफत व्यवहार संपल्यावर दर वेळी 23 रुपयांपर्यंत, वर जीएसटी. 1 मे 2025 पासूनचा हा दर. नुसती शिल्लक बघितली तरी तो व्यवहार धरतात. आमच्या बँकेच्या मशीनमध्ये पैसे नसतात म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर जावं लागतं, आणि भुर्दंड मलाच.

बेळगाव तालुका, शेती आणि छोटं दुकान

कागद वाचून घेण्याचे पैसे. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये. वडील वारले तेव्हा वारसा लावायला गेलो. कचेरीबाहेर लिहून देणारा बसतो, त्याला एका अर्जाचे पैसे, कागदात काय आहे ते सांगायचे वेगळे. कोल्हापूरकडं काही काम निघालं की त्याच उताऱ्याचं मराठी करून घ्या, नोटरी करा, झेरॉक्स काढा.

कन्नडवर माझा काही राग नाही. माझी मुलं शाळेत शिकतात, छान बोलतात, गिऱ्हाइकाशी मीही बोलतो. पण ज्या तालुक्यात वा पालिकेत भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे देशपातळीवर ठरलेलं आहे. आमच्या भागात मराठी माणूस त्याहून कितीतरी जास्त. सही करताना खाली काय लिहिलंय ते समजायला पैसे मोजावे लागतात, हे मला फार लागतं. माझ्या आजोबांच्या नावाचा जुना कागद ट्रंकेत आहे, मोडीतला. तोही मला वाचता येत नाही, पण त्याचे पैसे कोणी मागत नाही.

अनगोळ, रिक्षा

पाण्याची पट्टी भरतो. उन्हाळ्यात गल्लीतले मिळून टँकर आणतो, त्याची वर्गणी. प्यायला वीस लिटरचा जार वेगळा. एकाच पाण्याचे तीन वेळा पैसे झाले. शहरात काही वॉर्डांना 2008 पासून चोवीस तास पाणी आहे, म्हणजे जमत नाही असं नाही. जुलैत शहराला पाणी देणारं राकसकोप धरण भरून दरवाजे उघडले की लोक बघायला जातात. मी अजून गेलो नाही.

शहापूर, दोन मुलांची आई

शाळेच्या नावाच्या वह्या आणि पट्टा. बाजारात तीच वही निम्म्यात मिळते, पण कव्हरवर नाव छापलेलं हवं आणि दुकान त्यांनी सांगितलेलं. मोठ्याचा पट्टा धाकट्याला चालला असता, तर यंदा रंगच बदलला.

खानापूर, शिक्षिका

रोज बसनं जाते. स्थानकावरच्या स्वच्छतागृहाबाहेर फलक आहे: लघवीसाठी मोफत. पुरुष सरळ आत जाऊन बाहेर येतात. बायकांना टेबलाशी थांबवून पाच रुपये, कधी दहा. शाळेच्या मुलींनाही. सुट्टे नसतील तर त्या पोरी तशाच बसमध्ये चढतात, घरी पोचेपर्यंत तासभर धरून ठेवतात. ह्याचा परिणाम मी वर्गात बघते, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

मी पावती मागितली. नाही म्हणाला. मग फलक आणि टेबल एकाच चौकटीत येईल असा फोटो काढला आणि डेपो मॅनेजरकडे लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आठवडाभर कोणी पैसे मागितले नाहीत, मग परत सुरू. दुसरा अर्ज ह्या सोमवारी देणार आहे, त्यावर आमच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांच्या सह्या आहेत. खानापूर-बेळगाव रोज करणाऱ्या बायकांपैकी कुणाला सही करायची असेल तर सकाळच्या पहिल्या बसला भेटा.