कपॅसिटरच्या आधी पॉट मोजावा
इलेक्ट्रिक गिटारच्या टोन सर्किटमध्ये (तीव्र स्वर कमी करणाऱ्या जोडणीत) तेल-कागदाचा जुना कपॅसिटर बसवला की टोनची कळ १० वर, म्हणजे पूर्ण उघडी, असतानाही आवाज ‘उबदार’ होतो, हे या चर्चेतील एक मत मला पटत नाही. कळ पूर्ण उघडी असताना कपॅसिटरशी पॉटचा (कळीखालच्या बदलत्या रोधाचा, म्हणजे पोटेन्शियोमीटरचा) संपूर्ण २५० किलोओहम रोध एकसर जोडणीत असतो आणि ४ किलोहर्ट्‌झला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जेमतेम १.८ किलोओहम, तर ०.०४७ चा त्याच्या निम्म्याहूनही कमी अडथळा करतो. म्हणजे पिकअपला (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागाला) जाणवतो तो जवळजवळ केवळ पॉट. हा रोध जितका कमी, तितके पिकअपच्या अनुनादाचे शिखर (ज्या वारंवारतेला तो सर्वांत जोरकस असतो तिथला उंचवटा) दबते आणि तारांचा खणखणीतपणा हरवतो. कळ शून्याकडे नेल्यावर मात्र कपॅसिटरचे मूल्य (त्याचे साहित्य नव्हे) स्पष्ट ऐकू येते.

चर्चेत न आलेली बाब पॉटच्या टॉलरन्सची (छापील मूल्यापासून चालणाऱ्या फरकाची) आहे. लातूरमध्ये अँप्लिफायरचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानातून मी २५० छापलेले चार पॉट आणले, ते मल्टिमीटरवर २०९, २३४, २५८ आणि २८८ भरले. २० टक्के कमी-अधिक हे या मालात चालतेच, त्यामुळे दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. व्हॉल्यूमच्या पॉटचा रोधही पिकअपला तसाच जाणवतो; त्या जागी २०९ चा काढून २८८ चा बसवला, तेव्हा माझ्या सिंगल कॉइल (एकेका वेटोळ्याचे पिकअप असलेल्या) गिटारचा ब्रिजकडील (तारा टेकतात त्या घोडीजवळच्या पिकअपचा) आवाज लक्षात येण्याइतका उजळला. कपॅसिटर मात्र तोच, काही रुपयांचा सिरॅमिक, होता.